बोटं घराकडे

सदर बाजारात त्या दिवशी जाम लागला नसता ना, तर स्वानंदला ते एवढ्या लवकर कळलंच नसतं. जाम काही नवा नव्हता म्हणा, रायपूर राजधानी झाल्यापासून कुणाची ना कुणाची लाल बत्तीची गाडी सराफ्याच्या तोंडाशी अडकायची आणि मागं अख्खा बाजार हॉर्न वाजवत उभा. पण त्या दिवशी त्याच्या स्कूटरच्या अगदी पुढ्यात मालाची सायकलरिक्षा होती, तिच्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड, दोरीनं आवळलेलं, आणि रिक्षानं एक धक्का खाल्ला, दोरी सरकली, पोतं घसरलं, आणि आतून दोन पाय बाहेर आले. दगडाचे. घोट्यापासून खालचे, एका शिळेवर शेजारी शेजारी ठेवलेले, पिवळसर, अजून दगडाची पूड लागलेले. टाचा रिक्षावाल्याकडे आणि बोटं सरळ स्वानंदकडे. दादाच्या समाधीचे पाय आज घरी येणार हे त्याला माहीत होतं, त्यात काही नाही. पण उजव्या पायाची करंगळी आत वळलेली होती, शेजारच्या बोटाखाली लपायला बघतेय अशी. स्वानंदनं खाली पाहिलं. स्कूटरच्या ब्रेकवर त्याचा उजवा पाय, चपलेत, धुळीनं भरलेला, आणि तीच करंगळी. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे शिशिर भैया, आगे तो बढ़ो!" आणि शिशिर म्हणजे दादा, तो तर गेल्या वर्षीच गेलेला, तरी स्वानंदनं मान हलवली, हव म्हणाला आणि गिअर टाकला. रिक्षा पुढं चालली होती, म्हणजे पाय त्याच्यापासून लांब जात होते, पण बोटं मात्र त्याच्यावर रोखलेली, जसं कुणी मागच्या मागं चालत जावं आणि तोंड तुमच्याकडेच ठेवावं तसं. आणि त्याच्या तळव्यांना गार लागलं. चैत्राच्या उन्हात, भर सदरात, तळव्यांना गार.

तो गारवा त्याच्या ओळखीचा होता. दिवाळीनंतरची गोष्ट, ब्राह्मणपाऱ्यातल्या घराच्या मागच्या अंगणात नीलकंठ नावाचा पाथरवट मातीनं भरलेली लाकडी परात घेऊन बसला होता. नानांना, म्हणजे स्वानंदच्या वडिलांना, खऱ्या पायासारखे पाय पाहिजे होते, बाजारात मिळतात तसे गुळगुळीत, एका साच्यातले नाही. पण माप कुठून आणायचं? शिशिरदादाच्या चपला, बूट, सगळं तेराव्याला आईनंच वाटून टाकलं होतं, गेलेल्याचं पायताण घरात ठेवत नाहीत त्यांच्याकडे, आणि समाधीला त्याचाच पाय पाहिजे, हे दोन्ही नियम कधी एकमेकांच्या आड येतील असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हा आई म्हणाली, "स्वानंद उभा राहीन ना. सख्खा भाऊ हाय. दोघांचाही नंबर एकच होता." इतकं साधं. आणि तो उभा राहिला पण, पँट गुडघ्यापर्यंत सारून, हसत, कारण मातीनं गुदगुल्या होत होत्या. नीलकंठ स्वतःवरच खूश होऊन बोलत होता, "भैया, जब से राजधानी बनी है, शिलान्यास के पत्थर से फुर्सत नहीं। रोज एक मंत्री। मरने वालों को तो लाइन में लगना पड़ रहा है।" नाना हसले नाहीत. आईनं खाली बसून स्वानंदचा घोटा धरला होता, "हलू नको." माती बोटांच्या मधून वर आली, घोट्याला चिकटली, आणि मग नीलकंठ म्हणाला काढा, तेव्हा पाय निघेना. खरंच निघेना, मातीनं आतून ओढून धरला होता, एक पोकळ आवाज झाला तेव्हा कुठं सुटला. आई खाली परातीत बघत राहिली, त्या दोन खड्ड्यांकडे, आणि पदरानं डोळे पुसून म्हणाली, "झालं." त्याला तेव्हा वाटलं दादाच्या आठवणीनं.

तेरा दिवसांसाठी आला होता हो स्वानंद. पुण्यात होता, नकाशे काढायच्या एका कंपनीत, स्वतःची खोली, स्वतःचा स्टोव्ह, खिडकीतून दिसणारी एक टेकडी. दादाला कावीळ झाली, ती पोटात उतरली म्हणाले, आणि फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं. तेराव्यानंतर नाना म्हणाले महिनाभर रहा, दुकान सावर. समता कॉलोनीत दादाचं चष्म्याचं दुकान. मग सहा महिन्यांनी म्हणाले वर्षश्राद्धापर्यंत रहा, समाधी बसवू, मग जा बाबा, कोण धरून ठेवते तुले. आणि तो राहत गेला. दादाची खुर्ची, दादाची स्कूटर, दादाचा पांढरा कोट सुद्धा, कारण गिऱ्हाइकाला कोट पाहिजे. पहिल्यांदा कुणी शिशिर भैया म्हटलं तेव्हा त्यानं दुरुस्त केलं होतं, मी भाऊ त्यांचा. समोरच्या म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं, डोळ्यांत पाणी आलं, मग अर्धा तास त्याला धीर देत बसावं लागलं. दुसऱ्यांदा नाही दुरुस्त केलं. आता तर आरशात चष्म्याची फ्रेम धरून गिऱ्हाइकाच्या नाकाकडे बघताना त्याला स्वतःचा आवाज ऐकू यायचा, "ज़रा चढ़ा के देखिए, अंकल," आणि तो दादाचा असायचा, त्यातली ती हलकीशी खाकरी पण. पुण्याच्या साहेबांनी दोनदा निरोप पाठवला होता, तिसऱ्यांदा स्पष्टच म्हणाले, एप्रिलात या नाहीतर जागा दुसऱ्याला. तो येतो म्हणाला होता. आझाद हिंद एक्स्प्रेसचं तिकीट काढलं होतं, समाधी बसवायची त्याच दिवशीचं, सकाळी नदीवर आणि तिथूनच स्टेशन. हे एकदा पार पडलं की आपण पुन्हा आपण होऊ, एवढंच त्यानं धरून ठेवलं होतं.

रिक्षा घराशी पोचली तेव्हा तो मागंच होता. चौघांनी शिळा उतरवून ओट्यावर ठेवली. नानांना मोतीबिंदूनं धडसं दिसत नव्हतं, ते भिंत चाचपत आले, खाली बसले आणि दोन्ही हातांनी ते पाय धरले. बोटं एकेक मोजल्यासारखी चाचपली, करंगळीपाशी हात थांबला. स्वानंदला वाटलं, आता म्हणतील. नाना म्हणाले, "अगदी शिशिर." आणि कपाळ टेकवलं दगडावर, बापानं पोराच्या पायावर, आणि स्वानंद मागं सरकला, कारण ते डोकं त्याला स्वतःच्या पावलांवर जाणवलं, गरम, विरळ केसांचं, जड. शेजारचे आले, कुणी म्हणालं हुबेहूब, कुणी म्हणालं आता उठून चालेल असं वाटते. आईनं हळदकुंकू वाहिलं. त्यानं दारात चपला काढल्या होत्या, त्या पटकन पुन्हा घातल्या, आणि आई म्हणाली, "घरात चपला काहून रे?" तर तो म्हणाला पाय दुखून राहिले.

ती करंगळी दादानंच वाकडी केली होती, हे कुणाला आठवत असेल? स्वानंद सहा-सात वर्षांचा, दादा सायकल चालवतोय, हा मागं कॅरिअरवर, बूढा तालाबच्या उतारावरून सुसाट, आणि पाय चाकाच्या आऱ्यांत गेला. रक्त बघून दादाच जास्त रडला होता, रस्त्यात बसून, सायकल एकीकडे, "मेला का रे, मेला का?" असं विचारत. मग त्यानं शर्ट काढून पायाला गुंडाळला आणि पाठीवर घेऊन घरापर्यंत आणलं, उघडाच, रस्त्यात लोक हसत होते. पुढं कितीतरी वर्षं पावसाळ्यात ती करंगळी ठणकली की दादाला तोंडावरून कळायचं, तो म्हणायचा, "दे इकडं," आणि चोळून द्यायचा. म्हणजे बघा, त्या दगडात दादाचं काही असलंच तर ती करंगळी. बाकी सगळा स्वानंद. आणि हे कुणाला सांगायचं कसं? आई, ते दादाचे पाय नाहीत, ते माझे आहेत, तुम्ही माझी पूजा करताय, मी अजून जिवंत आहे? असं बोलता येतं का कुणाला? वर्षभर ज्या घरात कुणी मोठ्यानं जेवलं सुद्धा नाही, तिथं?

दुसऱ्या दिवशी दुकानात वहिनी आली. मंजिरी. अधूनमधून यायची, हिशेबाच्या निमित्तानं म्हणून, पण खरं तर फ्रेमी पुसायला, त्या ओळीनं लावायला, तिचा हात त्यात फार छान होता. गिऱ्हाईक नव्हतं. ती एक फ्रेम फडक्यानं पुसत म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? रागावू नका."

"विचारा ना."

"यांचा पाय सपाट होता." ती मान वर न करता बोलत होती. "आंघोळ करून निघाले की फरशीवर पूर्ण पाऊल उमटायचं, पोळीसारखं. मी चिडवायची, बदकाचे पाय म्हणून. तुमचं पाऊल मधे तुटते. त्या दगडाले मधे कमान हाय. मी काल त्याच्याखालून बोट घालून पाह्यलं."

त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की खुर्चीची कड धरावी लागली. कुणालातरी माहीत आहे. "मग तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"काय बोलू? नाना कपाळ टेकवून रडून राहिले होते." मग ती हसली, अगदी थोडं. "आणि खरं सांगू का, मले बरंच वाटलं. यांचे पाय नाही अडकले तिथं. मोकळे हायेत." फ्रेम जागेवर ठेवून ती त्याच्याकडे वळली. "पण तुम्ही जा भाऊजी. खरंच जा. तुम्ही या खुर्चीवर बसून राहिले तोवर मी शिशिर भैयाची बायको. तुम्ही गेले की मी दुकानवाली होईन. मले सगळं येते इथलं. फक्त खुर्ची रिकामी होत नाही."

त्याला वाटलं होतं की तोच एकटा अडकला आहे, आणि तोच कुणाच्यातरी दारात बसलेला होता! त्या दिवशी त्यानं दुकानाच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि स्कूटरही तिलाच चालवायला दिली, तो मागं बसला. बरं वाटलं, मोकळं वाटलं. पण सदर बाजारात जाममध्ये ती थांबली, त्यानं टेकायला पाय खाली सोडले, आणि रस्ता तापलेला असूनही तळव्यांना गारच लागलं. सगळं पटत होतं, किल्ल्या गेल्या, खुर्ची गेली, तिकीट खिशात, आणि तळपाय मात्र ओट्यावर घरी, कुणीतरी त्यांच्यावर तांब्या ओतत असणार. घरी पोचला तर खरंच ओट्यावर पाणी सांडलेलं होतं आणि आई दगड धूत होती.

नदीवरची ती जागा त्याला लहानपणापासून पाठ होती. खारूनच्या काठाला, महादेवघाटाच्या अलीकडे, चार खांबांची एक बुटकी छत्री, वर कमळाच्या पाकळ्यांचा उलटा घुमट, भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपूरहून आलेल्या पहिल्या पूर्वजाची. मग त्याच्या शेजारी ओळीनं साधे चौथरे, प्रत्येकावर पावलं. नाना दर सर्वपित्रीला दोघा भावांना घेऊन जायचे आणि शिकवायचे, शाळेतल्यासारखं. हा सूर्य, हा चंद्र, म्हणजे हे दोघं आहेत तोवर नाव राहील. हे कासव, म्हणजे सगळं आवरून आत घेतलं. हे तुळशीवृंदावन, म्हणजे बाई नवऱ्याच्या आधी गेली. आणि पावलांची बोटं कुणीकडे? नदीकडे! दोघंही ओरडायचे. काहून? कारण निघाले ते! बरोबर, नाना म्हणायचे, गेलेल्याची बोटं घराकडे करत नाहीत, तो परत येतो. ओळीच्या टोकाला एक उभा दगड होता, त्यावर कोपरात वाकवून वर उचललेला बाईचा हात, बांगड्यांनी भरलेला, पंजा उघडा. त्याबद्दल नाना फार बोलायचे नाहीत, सतीचा दगड, तेव्हाचा काळ, एवढंच म्हणायचे. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला तिथं नमस्काराला नेलं होतं. परत येताना तिनं हळूच दादाला विचारलं होतं, आणि स्वानंदनं ऐकलं होतं, "हात वर करून काय म्हणून राहिली असन हो ती?" दादा म्हणाला आशीर्वाद देते. ती म्हणाली, "मले तर वाटते थांबा म्हणून राहिली."

वर्षश्राद्धाच्या सकाळी सगळे तिथं. स्वानंदची बॅग नाना-आईला घेऊन आलेल्या ऑटोत, वहिनी स्कूटरवर. नदी आटून एका कडेला गेली होती, वाळूवर ऊन चढत होतं. नाना नव्या चौथऱ्यापाशी उभे होते आणि ज्याला त्याला सांगत होते, "ही जागा माझी होती. मी राखून ठेवली होती. पोट्टा मधे घुसला." गुरुजींनी विधी केला, चिमूटभर अस्थी चौथऱ्यातल्या खळग्यात ठेवल्या, आणि नीलकंठ आणि त्याच्या माणसांनी शिळा उचलली. बोटं नदीकडे करून खाली टेकवणार, तेवढ्यात आई म्हणाली, "घुमाओ."

नीलकंठ थांबला. "माताजी?"

"उलटा घुमाओ. उंगली घर की तरफ।"

"गोदावरी!" नाना म्हणाले. "काय बोलून राहिली तू? असं करत नाही आपल्याकडे."

"आपल्याकडे पोरगं बापाच्या आधी जात नाही," आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "गेलं ना? मग बाकीचं कोणी शिकवू नका मले."

नाना काठीवर दोन्ही हात ठेवून चुनखडीसारखे पांढरे झाले होते. गुरुजींनी पंचांगात डोकं घातलं. माणसांनी शिळा फिरवली, जड होती, दोघांच्या कपाळाच्या शिरा फुगल्या, आणि फिरवताना स्वानंदच्या घोट्यात पीळ बसला, खरोखर बसला, त्याला एक पाऊल मागं टाकावं लागलं. ओळीतले सगळे पाय नदीकडे तोंड करून आणि हे दोनच उलटे, शहराकडे, ब्राह्मणपाऱ्याकडे. शिळा बसली. चुना भरला. वहिनी त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्यामागं तो उचललेला हात.

बाकीचे हळूहळू ऑटोकडे गेले. वहिनी नानांना धरून घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, "भाऊजी, मी स्कूटर काढते. मीच सोडते तुमाले स्टेशनले." आई चौथऱ्यापाशी बसली होती, दगडावर पाणी घालत. स्वानंद तिच्याजवळ उकिडवा बसला. आता नाही बोललो तर कधीच नाही, असं त्याला वाटलं, आणि तोंड उघडलं तर आवाज दादाचा निघाला, ती खाकरी निघाली आधी.

"आई, हे पाय दादाचे नाहीत."

ती पाणी घालत राहिली.

"आई, माती घेतली तेव्हा नीलकंठनं जसंच्या तसं काढलं. करंगळी बघ. हे माझे..."

"मले सांगते?" आई म्हणाली. "दोघांच्याही पायाले तेल मी लावलं. शिशिरचा पाय सपाट. लहानपणी उभा राहायचा तर वाटायचं जमिनीले चिकटून राहिला. तो कुठं जाणार होता? त्याले बांधायची गरजच नव्हती कधी." तिनं तांब्या खाली ठेवला. "आणि तरी गेला. तुझ्या पायाले पहिल्यापासून कमान. सुईण म्हणाली होती, हा पोट्टा घरात टिकणार नाही, पाय बघा याचा."

"म्हणजे तुले तेव्हाच..."

"त्याच्या चपला मी वाटल्या नाही. गुरुजींना दिल्या त्या नव्या. त्याच्या अजून कोठीत हायेत, तांदळाच्या डब्यामागं." ती इतकं साधेपणानं म्हणाली की जणू घरात मीठ आहे की नाही ते सांगतेय. "माप होतं रे घरात."

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं, तेवढाच आवाज. त्याला राग यायला पाहिजे होता. त्यानं राग शोधला सुद्धा, पोटात, छातीत. सापडलं काय, तर अंगणातला तिचा हात, घोट्याभोवतीचा, खरखरीत, ओला, आणि ती खालून म्हणतेय हलू नको.

"आई, आज गाडी हाय माझी."

"हव. माहीत हाय ना." ती त्याच्याकडे वळली आणि हसली, वर्षभरात पहिल्यांदा, आणि तिचे पुढचे दोन दात गेलेले त्याला आत्ता दिसले, कधी गेले? "जा तू. खुशाल जा. पुण्याले जा, अजून पुढं जा. मी धरून ठेवलं का तुले? मी कोणाले धरून ठेवलं नाही आता." आणि बोलता बोलता तिनं पदर घेतला आणि दगडाचे पाय पुसायला लागली, आधी घोटे, मग वरून, मग एकेक बोटाच्या मधून, लहान पोराचे पुसतात तसे, पाणी राहिलं तर चिखल्या होतात म्हणून. "उशीर नको करू. मंजिरी थांबली असन."

तो उठला. उठला म्हणजे कमरेतून वर झाला. वाळू तापली होती, त्याच्या चपला चौथऱ्याखाली होत्या, दोन हातांवर. रस्त्यावरून हॉर्न वाजला, एकदा, मग लांब दुसरा, आणि वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, चला!" त्यानं ऐकलं, हव म्हणाला, मोठ्यानं म्हणाला. बॅग ऑटोतून काढायची, स्कूटरवर बसायचं, स्टेशन. एवढंच तर होतं. त्यानं खाली पाहिलं. त्याची बोटं शहराकडे होती, आपोआप, तो तसाच उभा राहिला होता. आई गुणगुणत होती काहीतरी, बिनशब्दांचं. तिसरा हॉर्न वाजला. आणि त्याच्या उजव्या पायाच्या वाकड्या करंगळीखाली, जिथं कुणाचं बोट सहज जात नाही, तिथं पदराचं टोक घालून कुणीतरी हळूहळू, अगदी काळजीनं, कोरडं करून राहिलं होतं.